मोठ्या टाकीचा मोह आणि सीमेवरचा हिशेब

सीमाभागात एका घरातून दुसऱ्या घरात फोन गेला की ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, पोरांचे निकाल झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो, "तुमच्याकडं डिझेल काय भाव चाललंय?" माझं माहेर निलंगा तालुक्यातलं, सासर भालकीचं. माहेरच्या गाडीवर एमएच-२४, सासरच्या गाडीवर केए-३९. दोन्हींच्या मध्ये तासाभराचा रस्ता. त्या तासाभरात बोलीचे हेल बदलतात, एसटीचा रंग बदलतो आणि पंपावरच्या पाटीवरचा आकडाही बदलतो.

हा आकडा काही वर्षांपूर्वी एवढा बदलला की आपल्याकडच्या पिकअपवाल्यांमध्ये एक नवीच हौस आली. कंपनीची टाकी काढून मोठी बसवायची, नाहीतर चेसीला दुसरी जादा टाकी लटकवायची. स्वस्त बाजूला गच्च भरून घ्यायचं आणि महाग बाजूला पंपाचं तोंडही बघायचं नाही. ऐकायला किती छान! आमच्या घरातही या टाकीवरून दोन महिने चर्चा झडली. गाडी दीर चालवतात, पण वही माझ्याकडे असते. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर मांडायचं धाडस करते आहे. टाकी गाडीला लागते खरी, पण पैसा घरातून जातो.

भावातला फरक आपल्याला नवा नाही

सीमेवरच्या माणसाला दोन भावांचा हिशेब जन्मापासून येतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी भालकी, बिदर, गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा ठरलेला हिशेब. सोलापूरच्या पेठेत सूत घ्यायला जाणारा माणूस आधी मनात नाण्यांचा गुणाकार करायचा, मगच सुताला हात लावायचा. वर निजामाचं जकात खातं होतंच. त्याला करोडगिरी म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, लातूर-उमरगा एकीकडे आणि बिदर-गुलबर्गा दुसरीकडे गेले. नाणी एक झाली, पण कर दोन झाले.

डिझेलचा फरक त्या करातूनच येतो. जुलै २०१७ मध्ये देशभर जीएसटी आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्यातून बाहेर ठेवले. त्यामुळे केंद्राचा अबकारी कर सगळीकडे सारखा, पण राज्याचा विक्रीकर ज्याचा त्याचा. त्यात डेपोपासून पंपापर्यंतचं टँकरचं भाडं मिळवलं की दहा किलोमीटरच्या अंतरात दोन भाव तयार होतात.

२०२१ च्या दिवाळीत हा फरक एकदम मोठा झाला. केंद्राने डिझेलवरचा अबकारी कर लिटरमागे १० रुपयांनी कमी केला आणि कर्नाटकाने त्यावर आपला कर आणखी ७ रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने तेव्हा काही उतरवलं नाही. त्या नोव्हेंबरात बेंगळुरूला डिझेल ८५ रुपये १ पैसा, तर मुंबईत ९४ रुपये १४ पैसे होतं. मुंबईचा कर तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त होता, म्हणून आपल्या भागातला फरक त्याहून थोडा कमी. तरी लिटरमागे सात रुपये म्हणजे गंमत नव्हे. अक्कलकोट, उमरगा, औराद शहाजानी, देगलूर या बाजूच्या गाड्या इकडे येऊन टाकी भरू लागल्या.

घरातली बैठक

आमचे भाऊजी त्याच दिवाळीनंतर म्हणाले, "वहिनी, साठ लिटरच्या जागी एकशेवीस लिटरची टाकी बसवू या. एका फेरीत चारशे रुपये खिशात." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता कानडीत विचारलं, "अष्टु एण्णि तुंबकोंड एल्लि होगतानंत?" एवढं तेल भरून हा जाणार तरी कुठे?

आम्ही हसलो, पण सगळा हिशेब त्याच प्रश्नात होता. भाऊजी ज्यांच्याकडे गाडीचं काम करतात ते मेस्त्री कलबुर्गीकडचे. त्यांचंही म्हणणं तेच निघालं, "मोदल लेक्क हाक्री, आमेल टाकी हाक्री." आधी हिशेब घाला, मग टाकी घाला. कानडीतला लेक्क आणि मराठीतला लेखा कानाला सख्खे भाऊच वाटतात. तेव्हा मी वही उघडली.

आमची पिकअप लोडवर लिटरला १३ किलोमीटर देते. साठ लिटरच्या टाकीत पाच लिटर राखीव सोडले तर ५५ लिटर वापरात येतात, म्हणजे ७१५ किलोमीटर. आता भाऊजींच्या फेऱ्या बघा. भालकी ते लातूर जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. हैदराबाद जाऊन-येऊन साडेतीनशे ते पावणेचारशे. सोलापूर जाऊन-येऊन साडेतीनशे. या सगळ्या फेऱ्या कंपनीच्या टाकीत आरामात बसतात. घरून टाकी भरून निघायचं, माल उतरवायचा, परत येऊन पुन्हा इथेच भरायची. सात रुपयांचा फरक पूर्ण मिळतो आणि त्यासाठी एक नटसुद्धा फिरवावा लागत नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. मोठी टाकी बचत वाढवते असं वाटतं. खरं तर बचत महिन्याला जाळलेल्या डिझेलवर होते. मोठ्या टाकीने फायदा होतो तो फक्त त्या लिटरांवर, जे छोटी टाकी संपल्यामुळे महाग बाजूला घ्यावे लागले असते. सीमेपासून तासाभरावर राहणाऱ्याला असे लिटर फार थोडे असतात.

आमच्याकडे ते कुठे होते? पुण्याची फेरी साडेआठशे किलोमीटरची. तिला ६५ लिटर लागतात, म्हणजे १० लिटर बाहेरून. मुंबईची फेरी साडेअकराशेची. तिला ८८ लिटर, म्हणजे ३३ बाहेरून. भाऊजींच्या मुंबईच्या फेऱ्या महिन्याला दोन. तेहतीस लिटर गुणिले सात रुपये, २३१ रुपये एका फेरीला. दोन फेऱ्यांचे ४६२. टाकी, पट्टे, पाइप, मजुरी मिळून पंधरा हजार धरले तर पैसे वसूल व्हायला बत्तीस-तेहतीस महिने, म्हणजे पावणेतीन वर्षं.

आणि ही पावणेतीन वर्षं फरक सात रुपयेच राहील असं कोण लिहून देणार होतं? भाऊजींनी स्वतःच वही मिटली. "राहू दे वहिनी, त्या पैशात मागचे दोन टायर येतील," म्हणाले. टायर आले.

फरक कसा वितळला

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने डिझेलवरचा कर लिटरमागे ३ रुपयांनी कमी केला. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्क्यांवर नेला. १ एप्रिल २०२५ ला तो २१.१७ टक्के झाला आणि डिझेल आणखी दोन रुपयांनी महागलं. महाराष्ट्राचा मुंबईबाहेरचा कर २१ टक्के. म्हणजे ज्या फरकासाठी लोक टाक्या बदलत होते तो साडेतीन वर्षांत जवळजवळ सपाट झाला.

तोच हिशेब एक रुपयाच्या फरकाने मांडला तर मुंबईच्या दोन फेऱ्यांना महिन्याला ६६ रुपये सुटतात. पंधरा हजार वसूल व्हायला एकोणीस वर्षं. तोवर गाडी भंगारात आणि भाऊजींची पोरं स्टिअरिंगवर!

आता फरक आहे तो तेलंगणाच्या बाजूला. तिथे डिझेलवर २७ टक्के कर आहे आणि २०२५ मध्ये हैदराबादचा भाव पंचाण्णव रुपयांच्या वर होता. त्यामुळे झहिराबादमार्गे हैदराबादला जाणाऱ्यांनी इकडेच भरून निघावं, यात शहाणपण आहे. पण ती फेरी कंपनीच्या टाकीत दोनदा बसते, हेही विसरू नये. छोटा हत्तीची टाकी तीसच लिटरची, पण अॅव्हरेज जास्त असल्यामुळे तिलाही ही फेरी जड नाही.

अजून एक हिशेब बायकांच्या लक्षात पटकन येतो. जादा साठ लिटर म्हणजे आजच्या भावाने साडेपाच हजार रुपये, आणि ते टाकीत पडून राहतात. पोरांची फी भरायच्या आठवड्यात ते पैसे गाडीतून काढता येत नाहीत. शिवाय गाडी रात्री अंगणाबाहेर उभी असते. भरलेली मोठी टाकी चोरालाही आवडते.

मग ही टाकी आहे कुणासाठी?

मोठी टाकी मुळात वाईट नाही. ती जिथे जन्मली तिथे तिची खरी गरज आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट नावाचा सुमारे १,८५० किलोमीटरचा वाळवंटी रस्ता आहे. त्या सगळ्या वाटेवर इंधन एखाद्या ठिकाणी मिळालं तर मिळालं. तिथले लोक आपल्या पिकअपना मोठ्या टाक्या बसवतात आणि तिथे असे तयार टाक्या विकणारे कारखानेही आहेत. तिथे टाकी संपली तर जीव जातो. आपल्याकडे टाकी संपली तर पुढच्या फाट्यावर पंप असतो.

आपल्या भागात ज्यांना खरंच विचार करता येईल ते म्हणजे आठवड्याला दोन-तीन लांबच्या फेऱ्या मारणारे, किंवा रात्री पंप बंद असणाऱ्या आडवाटेने नाशवंत माल नेणारे. त्यांच्यासाठी आमच्या मेस्त्रींनी सांगितलेल्या आणि मी त्यांच्याकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी देते.

बसवायचीच असेल तर

पहिली गोष्ट पत्र्याची. गल्लीतला वेल्डिंगवाला जीआय पत्र्याची टाकी स्वस्तात करून देतो, गंजत नाही म्हणून सांगतो. डिझेलसाठी हाच पत्रा नको. त्यावरचं जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरतं, त्याचे साबणासारखे कण तयार होतात आणि ते इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतात. जुन्या इंजिनांनी हे काही काळ सोसलं असतं. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबाने फवारलं जातं. तिथे असा कण म्हणजे डोळ्यात खडा. आमच्या ओळखीच्या एकाने अशी टाकी बसवून घेतली आणि वर्षाच्या आत चारही इंजेक्टर बदलले. वाचवलेल्या डिझेलपेक्षा ते बिल कितीतरी मोठं होतं. डिझेलसाठीच बनवलेली लोखंडी, अॅल्युमिनियमची किंवा जाड प्लास्टिकची टाकी घ्यावी.

दुसरी गोष्ट आतल्या आडव्या पत्र्यांची. अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर डचमळते. पन्नास किलो डिझेल एका बाजूला आदळलं की भरलेली गाडी झोल खाते. म्हणून टाकीच्या आत भोकं असलेले आडपत्रे हवेत. ते आहेत की नाही हे बाहेरून दिसत नाही, विचारून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट पाइपांची. डिझेल इंजिन जितकं डिझेल ओढतं त्यातलं बरंचसं परत टाकीत पाठवतं. दोन टाक्या करून मध्ये कॉक बसवला आणि ओढणारा पाइप एका टाकीला, परतीचा दुसऱ्या टाकीला राहिला, तर एक रिकामी होते आणि दुसरी उतू जाते. हवा जाण्यायेण्याची नळी, काट्याचा फ्लोट, खाली पाणी काढायचा नट, हे सगळं नव्या टाकीला जुळणारं हवं. फ्लोट जुळला नाही तर काटा खोटं बोलतो. अर्धी रिकामी मोठी टाकी पावसाळ्यात आतून घामेजते, ते पाणी तळाला बसतं. ते दर काही दिवसांनी सोडलं नाही तर फिल्टर आणि पंप दोन्ही खराब होतात.

चौथी गोष्ट जागेची. टाकी सायलेन्सरपासून दूर हवी. बीएस-सहाच्या ज्या गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर आहे, तो सफाईच्या वेळी ६०० अंशांच्या आसपास तापतो. पट्ट्यांखाली रबर हवं. चेसीला मनाला येईल तिथे भोकं पाडू नयेत किंवा वेल्डिंग मारू नये. आणि साठ लिटर डिझेलचे पन्नास किलो, शिवाय टाकीचं वजन, हे तुमच्या मालातून वजा करावं लागतं. एक टनाच्या आतल्या गाडीला तेवढी दोन पोती कमीच न्यावी लागतात.

कलबुर्गी-आळंदच्या उन्हाळ्यासाठी एक सूचना. शंभर लिटर डिझेल पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेलं की दीड लिटरहून जास्त फुगतं. म्हणून कुठलीही टाकी गळ्यापर्यंत भरू नये. सकाळी गच्च भरून दुपारी उन्हात लावलेली गाडी टिपटिप गळते ती यामुळेच.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी किंवा कंपनीने दिलेल्या मूळ रूपाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून आधी आरटीओत अर्ज, विमा कंपनीला पत्र आणि दोघांचं उत्तर लेखी. तोंडी "चालतंय री" वर विसंबू नये. गाडी पेटली तर विम्याचा माणूस पहिल्यांदा टाकीच बघतो, आणि तेव्हा कर्ज मात्र घरावर राहतं.

पेट्रोलियम कायदा गाडीला जोडलेल्या टाकीतल्या इंधनाला परवान्यातून सूट देतो, पण ते इंधन ती गाडी चालवण्यासाठी असेल तरच. मोठ्या टाकीतून डिझेल काढून पलीकडच्या गावात विकणं या सुटीत बसत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं

जुनी टाकी कापणं किंवा तिला ठिगळ मारणं हे काम अंगणात कधीही करू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. तळाला राहिलेलं थोडं डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होतं, ती वाफ हवेत मिसळते आणि बंद पत्र्यात तिचा स्फोट होतो. "सगळं काढलंय, आत काही नाही" हे वाक्य ऐकलं की पोरांना घेऊन लांब व्हावं.

दुसरं, जत्रांचे दिवस. मैलार असो, गाणगापूर असो, हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा असो, आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात बायकापोरं बसून जातात. मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्याला मान्य नाही आणि त्यात धोका आहेच. हौद्याखाली घरी बनवलेली शंभर-सव्वाशे लिटरची टाकी असेल आणि वर स्टोव्ह, बिडी, उदबत्ती असेल, तर त्याला काय म्हणावं? देवाला जायचं तर बसने जावं.

शेवटी एवढंच सांगते. ज्याच्या घरी टाकीचा विषय निघेल त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेवर तीन आकडे लिहावेत. महिन्याला महाग बाजूला नाइलाजाने किती लिटर भरावे लागतात, आज दोन्हीकडच्या भावात फरक किती आहे, आणि टाकीला एकूण खर्च किती. पहिल्या दोघांचा गुणाकार करून तिसऱ्याला भागावं. उत्तर बारा महिन्यांच्या आत आलं तर पुढची चौकशी करावी. त्याहून जास्त आलं तर तो पैसा टायरला, फीला किंवा हप्त्याला द्यावा. सरकारं दोन आहेत, कर कधीही बदलतील. बसवलेली टाकी मात्र परत दुकानात देता येत नाही.